विश्लेषण : बॅटरी नवी, तरी पिकअप सेल्फ का घेत नाही? दोनशे वर्षांपूर्वी एका शाळामास्तराने शोधलेले उत्तर

जुना पिकअप सकाळी सेल्फ मारताना कण्हतो. घाटात हेडलाइट पिवळट पडतात. बॅटरी बदलली तरी पंधरा दिवसांत तीच रड सुरू होते. शहापूर-मुरबाडच्या गावांत हा अनुभव नवा नाही. अशा वेळी दोष बऱ्याचदा बॅटरीत नसतो. बॅटरीतून निघालेले व्होल्ट सेल्फपर्यंत किंवा दिव्यापर्यंत पोहोचेपर्यंत वाटेतच खर्ची पडलेले असतात. वाटेतल्या या खर्चाचा नियम १८२६ मध्ये मांडला तो जॉर्ज सायमन ओहम यांनी. शाळेच्या पुस्तकातला ओहमचा नियम तो हाच. हा माणूस कोण होता, त्याने नेमके काय शोधले, आणि ते उंबरमाळीच्या पिकअपला कसे लागू पडते, ते पाहू.

प्रश्न काय आहे?

उंबरमाळी हे कसारा लोकल मार्गावरचे, खर्डी आणि कसारा यांच्यामधले छोटे स्थानक. जवळूनच मुंबई-नाशिक महामार्ग जातो आणि पुढे कसारा घाट लागतो. या पट्ट्यात भाजी, दूध, पेंढा, बांधकामाचे सामान, उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्या, सगळे पिकअपवर चालते. गाड्या अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या असतात. पावसाळ्यातले चार महिने सतत ओल. शेताच्या वाटेवरचा चिखल चासीला चिकटून बसतो. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढते आणि अर्थिंगच्या बोल्टखाली गंज धरतो.

गाडी बंद असताना बॅटरीवर मीटर लावला तर तो १२.६ व्होल्ट दाखवतो. सेल्फच्या टर्मिनलवर लावला तरी १२.६ दाखवतो. मग वायरिंग ठीक आहे असे समजून सेल्फ खोलला जातो, नाहीतर नवी बॅटरी घेतली जाते. काही हजार रुपये जातात आणि मूळ दोष तसाच राहतो. मालाची वेळ चुकते ती वेगळीच. मीटर खोटे बोलत नसतो, पण त्याला प्रश्न चुकीच्या वेळी विचारलेला असतो. योग्य वेळ कोणती, हे ओहम यांच्या कामातून कळते.

ओहम कोण होते?

जॉर्ज ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. वडील योहान वोल्फगांग कुलुपे बनवणारे कारागीर होते. आई मारिया एलिझाबेथ एका शिंप्याची मुलगी. या जोडप्याला सात मुले झाली, पण त्यांतली तीनच जगली : जॉर्ज, धाकटा भाऊ मार्टिन आणि एक बहीण. जॉर्ज दहा वर्षांचे असताना आई गेली.

वडिलांचे शालेय शिक्षण फारसे नव्हते. मात्र स्वतःच्या हिमतीवर त्यांनी गणित आणि विज्ञान बऱ्यापैकी आत्मसात केले होते. कारखान्यातले काम आटोपल्यावर ते मुलांना घरीच गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवत. गावच्या शाळेत विज्ञान जेमतेमच होते, त्यामुळे खरी शाळा घरीच भरत होती. जॉर्ज पंधरा वर्षांचे असताना एर्लांगेन विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक लांग्सडोर्फ यांनी या मुलांची परीक्षा घेतली आणि त्यांची तुलना बेर्नुली या प्रसिद्ध गणिती घराण्याशी केली. पुढे मार्टिनही नामवंत गणिती झाले.

वडिलांच्या कामामुळे जॉर्ज यांना आणखी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे हाताचे कसब. धातू कापणे, तार ओढणे, बारीक भाग जुळवणे त्यांनी लहानपणीच पाहिले होते. पुढे प्रयोगाची उपकरणे त्यांनी बरीचशी स्वतःच्या हाताने तयार केली. त्यांच्या शोधात या कसबाचा वाटा मोठा आहे.

विद्यापीठातून थेट शाळेत कसे?

१८०५ मध्ये जॉर्ज विद्यापीठात दाखल झाले, पण अभ्यासापेक्षा नाच, बर्फावरचे स्केटिंग आणि बिलियर्ड्स यांत जास्त रमले. पोटाला चिमटा काढून शिकवणारे वडील संतापले. तीन सत्रांनंतर त्यांनी मुलाला विद्यापीठातून काढून स्वित्झर्लंडला पाठवले. १८०६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, जॉर्ज तिथल्या गोटस्टाटच्या शाळेत गणित शिकवू लागले. पुढे काही काळ नॉयशातेलमध्ये खासगी शिकवण्या केल्या. लांग्सडोर्फ यांच्या सल्ल्यानुसार ऑयलर, लाप्लास, लाक्र्वा यांचे गणिताचे ग्रंथ त्यांनी स्वतःच वाचून काढले.

१८११ मध्ये ते एर्लांगेनला परतले आणि त्याच वर्षी त्यांना डॉक्टरेट मिळाली. विद्यापीठात काही सत्रे शिकवले, पण तिथे मिळणाऱ्या पैशांत भागेना. १८१३ मध्ये बामबर्गच्या एका शाळेत नोकरी धरली. ती शाळा १८१६ मध्ये बंद पडली, मग त्याच गावातल्या दुसऱ्या, विद्यार्थ्यांनी गच्च भरलेल्या शाळेत रवानगी झाली. पसंतीची नोकरी मिळत नव्हती आणि संशोधनाला वेळ उरत नव्हता. याच काळात त्यांनी भूमिती शिकवण्यावर एक पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाची प्रत प्रशियाच्या राजापर्यंत पोहोचली आणि १८१७ मध्ये कोलोन येथील जेझुइट शाळेत गणित व भौतिकशास्त्राचे शिक्षक म्हणून त्यांना बोलावणे आले.

कोलोनच्या शाळेत एक चांगली प्रयोगशाळा होती. १८२० मध्ये हान्स ख्रिस्तियन ओर्स्टेड यांनी दाखवून दिले की, तारेतून वीज वाहिली की जवळची चुंबकसुई हलते. सगळ्या युरोपात विजेच्या प्रयोगांची लाट आली. तिशी ओलांडलेले ओहम शाळेचे तास संपले की प्रयोगशाळेत बसू लागले.

पहिला प्रयोग फसला, तो का?

ओहम यांचा सुरुवातीचा प्रश्न आजच्या कुठल्याही वायरमनला ओळखीचा वाटेल. तार जितकी लांब करावी तितका विजेचा जोर कमी होतो, तो नेमका किती? १८२५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा पहिला निबंध या घटीबद्दलच होता. त्यांनी वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडल्या आणि चुंबकसुई किती फिरते ते मोजून एक सूत्र मांडले. ते सूत्र चुकले.

कारण होते बॅटरी. तेव्हाच्या व्होल्टा पद्धतीच्या बॅटरीत जोडणी होताच जोर उसळी मारायचा आणि मग झपाट्याने खाली यायचा. आज पाच मिनिटांनी मोजलेला आकडा दहा मिनिटांनी जुळत नसे. तारेत किती गेले आणि बॅटरीच किती खचली, हे वेगळे करता येत नव्हते. पिकअपच्या बाबतीत गॅरेजमध्ये होणारा घोटाळा नेमका हाच आहे.

उपाय सुचवला भौतिकशास्त्राच्या एका जर्मन नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी. १८२१ मध्ये थॉमस सीबेक यांनी शोधले होते की, दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानात ठेवले तर वीज निर्माण होते. तापमान स्थिर असेल तर ही वीजही स्थिर राहते. ओहम यांनी बिस्मथ आणि तांब्याची जोडी बनवली. एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा वितळत्या बर्फात ठेवला. या दोन्हींचे तापमान ठरलेले असते, त्यामुळे जोर हलत नाही. मग २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत लांबीच्या, सारख्याच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडल्या. वरून एका बारीक पट्टीला टांगलेली चुंबकसुई पीळ देऊन मूळ जागी आणायची आणि किती पीळ लागला ते भिंगातून वाचायचे. वाहणाऱ्या विजेचे माप ते.

१८२६ च्या सुरुवातीला केलेल्या या प्रयोगांतून आकडे जुळले. प्रवाह हा स्रोताच्या जोराच्या प्रमाणात वाढतो आणि वाटेतल्या एकूण अडथळ्याच्या प्रमाणात कमी होतो. आजच्या भाषेत, व्होल्ट भागिले रोध म्हणजे अँपिअर.

या सूत्रात विशेष काय होते?

आज हे सूत्र तीन अक्षरांत लिहिले जाते, त्यामुळे त्यात शोध लागण्यासारखे काय होते असे वाटू शकते. पण त्या काळी व्होल्ट, अँपिअर आणि रोध या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हेच स्पष्ट नव्हते. विजेचा जोर आणि विजेचे प्रमाण यांची सरमिसळ होत असे. ओहम यांनी तिन्ही वेगळ्या केल्या आणि त्यांच्यातले नाते मोजून दाखवले.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्यांच्या मूळ सूत्रात रोध दोन ठिकाणी होता. एक बाहेरच्या तारेचा, जो तारेच्या लांबीनुसार बदलत होता. दुसरा खुद्द स्रोताचा आणि कायम जोडण्यांचा, जो तार बदलली तरी तसाच राहत होता. म्हणजे बॅटरीच्या पोटातही रोध असतो, हे या सूत्रातच आले होते. म्हाताऱ्या बॅटरीत हा आतला रोध वाढलेला असतो. अशी बॅटरी पडून असताना १२.६ व्होल्ट दाखवू शकते आणि सेल्फ मारताच ८ वर येते.

तिसरी गोष्ट सूत्रातून आपोआप निघते आणि पिकअपवाल्याच्या सर्वात कामाची आहे. वाटेतली घट म्हणजे प्रवाह गुणिले रोध. प्रवाह शून्य असेल तर रोध कितीही असो, घटही शून्य. म्हणून बंद गाडीत सडलेल्या केबलच्या दोन्ही टोकांना १२.६ व्होल्ट दिसतात. वीज वाहत असतानाच घट दिसते. मीटरला प्रश्न विचारायची योग्य वेळ तीच.

मग लोकांनी त्यांना डोक्यावर का घेतले नाही?

ओहम यांना विद्यापीठात प्राध्यापक व्हायचे होते. त्यासाठी शाळेतून अर्ध्या पगारावर रजा घेऊन ते बर्लिनला भावाकडे राहिले आणि विद्युतमंडलाच्या गणितावर ग्रंथ लिहिला. तो १८२७ मध्ये प्रसिद्ध झाला. सूत्राची मांडणी त्यांनी फ्रेंच गणिती फूरिए यांच्या उष्णतावहनाच्या सिद्धांताच्या धर्तीवर केली होती. उष्णता जशी जास्त तापमानाकडून कमीकडे वाहते, तशी वीज जास्त जोराकडून कमीकडे.

ग्रंथाचे स्वागत थंडे झाले. त्याची कारणे दोन्ही बाजूंना होती. तेव्हाच्या जर्मनीत अनेक भौतिकशास्त्रज्ञ गणिताला फारसे सरावलेले नव्हते, आणि निसर्गाचे नियम तत्त्वचिंतनातून काढण्याचा प्रवाह जोरात होता. काही टीकाकारांनी ग्रंथ निकालात काढला. दुसरीकडे, ओहम यांनीही पुस्तकात गणित पुढे ठेवले आणि आपले भक्कम प्रयोग मागे. ज्यांनी आधीचे निबंध वाचले नव्हते, त्यांना ते कोरडे तर्क वाटले.

अपेक्षित पद मिळाले नाही. दुखावलेल्या ओहम यांनी १८२८ मध्ये कोलोनची नोकरी सोडली. पुढची काही वर्षे बर्लिनमध्ये सैनिकी शाळेत आठवड्याला थोडे तास गणित शिकवून काढली. वय चाळिशीला टेकले होते. लग्न केलेच नव्हते आणि उत्पन्न जेमतेम होते. १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापकपद मिळाले तेव्हा कुठे थोडी स्थिरता आली.

मान कधी मिळाला?

काम पूर्णपणे विसरले गेले होते असे मात्र नाही. जर्मनीत गुस्ताव फेशनर यांनी हा नियम प्रयोगांनी तपासला. फ्रान्समध्ये पूये यांनी १८३० च्या दशकात स्वतंत्रपणे तसेच निष्कर्ष मांडले. तारायंत्राचे दिवस जवळ आले होते. मैलोन्मैल तारेतून संदेश पाठवायचा तर वाटेत जोर किती घटेल याचा हिशेब आधी लागणार होता, आणि तो फक्त ओहम यांच्या सूत्रातून मिळत होता. जो प्रश्न प्रयोगशाळेतला वाटत होता, तो आता पैशाचा झाला.

१८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहम यांना कोपली पदक दिले. त्या काळी विज्ञानातला हा सर्वोच्च सन्मान मानला जाई. पुढच्याच वर्षी सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य करून घेतले. आधी परदेशात मान आणि मग घरी, असा क्रम लागला. १८४५ मध्ये बव्हेरियाच्या अकादमीचे सदस्यत्व मिळाले. त्याच वर्षी एकवीस वर्षांच्या गुस्ताव किर्चहॉफ यांनी ओहम यांच्या नियमावर पुढची वीट ठेवली : बंद मंडलातल्या सगळ्या ठिकाणच्या घटी मिळवल्या की बेरीज स्रोताच्या व्होल्टइतकी येते. म्हणजे हरवलेला प्रत्येक व्होल्ट कुठे ना कुठे सापडतोच.

१८४९ मध्ये ओहम म्युनिकला गेले आणि १८५२ मध्ये तिथल्या विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. तरुणपणी ज्या पदाची इच्छा धरली होती, ते वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मिळाले. जेमतेम दोन वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, त्यांचे म्युनिकमध्ये निधन झाले. १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत रोधाच्या एककाला ओहम हे नाव ठरले. व्होल्ट आणि अँपिअर ही नावेही तिथेच पक्की झाली.

उंबरमाळीवरून जाणाऱ्या रेल्वेशी काय संबंध?

हा नियम किती मोठ्या प्रमाणावर चालतो, हे कसारा मार्गावरच दिसते. भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत आजच्या सीएसएमटी स्थानकापासून कुर्ल्यापर्यंत धावली. ती १५०० व्होल्ट डीसीवर होती. काही वर्षांतच हीच डीसी तार कसारा घाट चढून इगतपुरीपर्यंत गेली. पुढे इगतपुरीपलीकडे एसी विद्युतीकरण झाल्यावर कित्येक वर्षे लांब पल्ल्याच्या गाड्यांचे इंजिन इगतपुरीला बदलावे लागे.

१५०० व्होल्टवर ३००० किलोवॉट शक्ती हवी असेल तर २००० अँपिअर लागतात. तीच शक्ती २५,००० व्होल्टवर १२० अँपिअरमध्ये मिळते. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तारेचा रोध तोच धरला, तर हा तोटा पावणेतीनशे पटींहून कमी होतो. डीसीवर वाटेतली घट आटोक्यात ठेवायला थोड्या-थोड्या अंतरावर उपकेंद्रे आणि जाड तारा लागत. मुंबई परिसरातली डीसी तार टप्प्याटप्प्याने काढून २०१६ पर्यंत सगळीकडे २५,००० व्होल्ट एसी आली, त्यामागच्या प्रमुख कारणांत हा हिशेब होता.

पिकअपला मात्र हा मार्ग खुला नाही. तिथे १२ व्होल्टच असतात. कमी व्होल्ट म्हणजे जास्त अँपिअर, आणि जास्त अँपिअर म्हणजे छोट्याशा रोधानेही मोठी घट.

किती छोटा रोध त्रास देतो?

डिझेल पिकअपचा सेल्फ फिरताना २०० अँपिअरच्या आसपास, कधी त्याहून जास्त प्रवाह ओढतो. बुरशी आलेल्या टर्मिनलचा रोध ०.०१ ओहम, म्हणजे एका ओहमचा शंभरावा भाग धरू. २०० गुणिले ०.०१ म्हणजे २ व्होल्ट. सेल्फ मारताना बॅटरी १०.५ व्होल्ट देत असेल तर सेल्फला ८.५ मिळतात आणि तो कण्हतो. उरलेले २ व्होल्ट त्या सांध्यात ४०० वॉट उष्णता करतात. म्हणूनच वारंवार सेल्फ मारल्यावर खराब सांधा तापतो.

०.०१ ओहम हा रोध साध्या मल्टिमीटरच्या ओहम खुणेवर मोजता येत नाही. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. बीप वाजवून वायर तपासण्याचाही उपयोग नाही. पन्नास धाग्यांच्या केबलमध्ये एक धागा शाबूत असला तरी बीप वाजते. पण वीज वाहत असताना २ व्होल्टची घट दोनशे-तीनशे रुपयांचा मीटरही स्वच्छ दाखवतो.

त्याच सांध्यातून दोन हेडलाइटचे ९ अँपिअर गेले तर घट ०.१ व्होल्टही होत नाही. म्हणजे दिवे झकास लागतात म्हणून सेल्फची केबल चांगली, असे म्हणता येत नाही. उलट दिव्यांच्या वाटेवर जुन्या स्विचमध्ये ०.२ ओहम रोध असेल, तर तिथे १.८ व्होल्ट जातात. हॅलोजन बल्बचे व्होल्ट १० टक्के घटले की उजेड जवळपास ३० टक्के घटतो. पावसाळ्यात धुके उतरलेल्या कसारा किंवा माळशेज घाटात हा फरक वळणावरचा माणूस दिसण्या-न दिसण्याचा असतो.

पिकअपवर तपासणी कशी करायची?

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन सुरू होऊ नये म्हणून डिझेलचा पुरवठा बंद करा, ते जमत नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या. हातातली अंगठी-कडे काढून ठेवा, ओढणी किंवा सैल कपडे पंख्यापासून दूर. मीटर डीसी २० व्होल्टवर. किल्ली फिरवायला दुसरा माणूस हवा. एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये विश्रांती द्या.

१. आधी बॅटरी. गाडी काही तास उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. निम्मी असेल तर आधी चार्ज करा, मग पुढे जा.

२. सेल्फ मारताना बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर मीटर धरा, क्लॅम्पवर नको. ९.६ व्होल्टच्या खाली गेले तर बॅटरी थकलेली, किंवा सेल्फ अथवा इंजिन जड झालेले. ओहम यांच्या सूत्रातला आतला रोध तो हाच.

३. प्लसची वाट. मीटरची लाल वायर बॅटरीच्या प्लस खांबावर, काळी सेल्फच्या जाड बोल्टवर. सेल्फ मारा. मीटर जो आकडा दाखवेल ती या वाटेवरची घट. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर दोष इथे आहे.

४. मायनसची वाट. काळी वायर मायनस खांबावर, लाल सेल्फच्या अंगावर किंवा इंजिनच्या स्वच्छ धातूवर. सेल्फ मारा. ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थिंग खराब. जुन्या गाड्यांत बऱ्याचदा दोष इथेच निघतो आणि तपासला सगळ्यात शेवटी जातो.

५. घट सापडली की वाटेचे तुकडे करा. खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबल, केबल ते लग, लग ते बोल्ट. प्रत्येक तुकड्यावर मीटर धरून सेल्फ मारा. ज्या तुकड्यावर आकडा उडी मारतो, तिथे दोष. किर्चहॉफ यांच्या नियमानुसार सगळ्या तुकड्यांची बेरीज एकूण घटीइतकी यायला हवी. आली नाही तर एखादा तुकडा तपासायचा राहिला आहे.

६. हेडलाइटसाठी इंजिन चालू करून दिवे लावा. बॅटरीचे व्होल्ट आणि बल्बच्या होल्डरवरचे व्होल्ट यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर आधी बल्बची अर्थ तपासा, मग स्विच. दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या लांबलचक वायरिंगमध्ये असेल, तर फ्यूज आणि रिले लावून दिव्यांना बॅटरीपासून थेट जाड वायर देता येते.

७. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. नसतील तर अल्टरनेटरला दोष देण्याआधी अल्टरनेटरचा जाड बोल्ट आणि बॅटरीचा प्लस यांच्यातली घट दिवे लावून मोजा.

दोष सापडल्यावर काय?

बहुतेक वेळा दुरुस्ती स्वस्तातली असते. टर्मिनल सोडताना आधी मायनस काढायचा आणि जोडताना तो शेवटी लावायचा. बुरशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, तारेच्या ब्रशने धातू चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग आणि गंज खरवडून काढा. इंजिन आणि चासी यांच्यातली अर्थची पट्टी तुटकी असेल तर नवी लावा. केबल आतून काळी-हिरवी पडली असेल तर नुसते टोक कापून भागत नाही, ती बदलावी लागते.

एक मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. तारा, सांधे आणि स्विच ओहम यांच्या नियमाने सरळ वागतात. सेल्फची मोटर किंवा तापून रोध वाढणारा बल्ब तितका सरळ वागत नाही. म्हणून बॅटरी चांगली, दोन्ही वाटांवरची घट मर्यादेत आणि तरीही सेल्फ कण्हत असेल, तर मात्र सेल्फ खोलायला हरकत नाही. आता तो खर्च अंदाजाने होणार नाही.

ओहम यांना दोनशे वर्षांपूर्वी उकळते पाणी, बर्फ आणि पीळ दिलेली सुई घेऊन जे मोजावे लागले, ते आज किल्ली फिरवून दहा मिनिटांत मोजता येते. पावसाळा संपल्यावर एकदा आणि थंडी सुरू होण्याआधी एकदा ही तपासणी केली, तर नव्या बॅटरीचे पैसे वाचू शकतात आणि पहाटेचा माल वेळेवर कल्याणच्या बाजारात पोहोचू शकतो.